अखराईंना कुणी विचारलं?

परवा आपल्या वस्तीतल्या अभ्यासिकेत भांडण झालं. भांडण पुस्तकांवरून झालं याचा मला मनातून आनंदच झाला. नळावरून, जयंतीच्या वर्गणीवरून, गटातटावरून आपण पुष्कळ भांडलो. पुस्तकावरून एकमेकांची गचांडी धरायची पाळी आली म्हणजे आपण थोडे पुढे सरकलो म्हणायचं.

झालं असं. कुणीतरी रद्दीवाल्याकडून पोतंभर इंग्रजी पुस्तकं उचलून आणली. त्यात पोरांसाठी लिहिलेल्या अद्भुत कादंबऱ्या निघाल्या. एक पोरगा पुस्तक वाचतो, वाचता वाचता पुस्तकातच जाऊन पडतो, तिथं त्याला राण्या भेटतात, ड्रॅगन भेटतात, अशा थाटाच्या. आपले एक जुने साथी भडकले. म्हणाले, "ही गोऱ्यांची भुतंखेतं आपल्या पोरांच्या डोक्यात कशाला घालता? पोरांना राज्यघटना द्या, बाबासाहेब द्या, स्पर्धा परीक्षेची गाइडं द्या. हे पोतं जसं आलं तसं परत जाऊ द्या." त्यावर कॉलेजात इंग्रजी शिकवणारे आपलेच एक मित्र उसळले. म्हणाले, "कल्पनाशक्तीला जात नसते. पोरांना स्वप्नं बघू द्या. साहित्य हे साहित्य असतं." दोघांनी तासभर एकमेकांना झोडपलं.

मी म्हणतो, दोघंही चुकले. आणि ते का चुकले हे मला समजलं ते सातवीतल्या एका पोरीमुळं. त्या पोत्यातल्या एका पुस्तकाची गोष्ट एका मोठ्या पोरानं रविवारी सगळ्या बारक्यांना मराठीत सांगितली होती. भांडण ऐन रंगात असताना ही पोरगी मध्येच बोलली, "दादा, ते रडणारे किडे हसायला लागले, मग चांदी कोण काढतंय आता?"

सगळे गप्प. उत्तर कुणाकडेच नव्हतं. तिच्या प्रश्नाला उत्तर म्हणून हा लेख.

आधी पुस्तक काय ते सांगतो. ज्यांनी वाचलं नसेल त्यांनी लाजायचं कारण नाही. जे वाचूनही ज्यांना हा प्रश्न पडला नाही त्यांनी लाजावं.

मिशाएल एंडे नावाचा जर्मन लेखक. जन्म 1929, मृत्यू 1995. बाप चित्रकार. हिटलरच्या राज्यात बापाच्या चित्रांवर बंदी आली, म्हणजे कलेवर शुद्ध-अशुद्धचा शिक्का मारणारी सत्ता काय चीज असते हे ह्या पोरानं घरातच पाहिलं. त्यानं 1979 साली 'न संपणारी गोष्ट' ही कादंबरी लिहिली. 1983 ला ती इंग्रजीत आली, 1984 ला तिच्यावर सिनेमा निघाला, आणि जगभरची पोरं तिच्यात बुडाली. मूळ जर्मन पुस्तक दोन रंगांच्या शाईत छापलंय. पोराच्या जगातला मजकूर एका रंगात, पुस्तकातल्या जगाचा मजकूर दुसऱ्या रंगात.

गोष्टीतला पोरगा बास्तियान. जाडा, घाबरट, शाळेत मार खाणारा. आई मेलेली. बाप दातांच्या कवळ्या बनवणारा कारागीर, बायको गेल्यापासून घुम्या झालेला. पोरांचा मार चुकवायला हा एका जुन्या पुस्तकांच्या दुकानात घुसतो, आणि तिथलं एक पुस्तक चोरून पळतो. शाळेच्या माळ्यावर लपून वाचत बसतो. पुस्तकातल्या देशाला 'शून्य' खात चाललंय. तिथल्या राणीला कुणीतरी नवं नाव दिलं तरच देश वाचणार. नाव देणार कोण? वाचणारा. बास्तियान नाव उच्चारतो आणि पुस्तकात जाऊन पडतो.

इथपर्यंत मी ह्या पोराच्या बाजूचा आहे. साला पुस्तक चोरतो! आपल्या इतिहासात पुस्तक चोरल्याशिवाय कुणाला मिळालं? गौतम धर्मसूत्रात लिहून ठेवलंय की शूद्रानं वेद ऐकला तर त्याच्या कानात वितळलेलं शिसं आणि लाख ओता. आम्हाला पुस्तकात शिरायची नुसती इच्छा झाली तरी शिक्षा होती. कानानं शिरलात तर शिसं, जिभेनं शिरलात तर जीभ कापा. तेव्हा 'पुस्तकात शिरणारं पोर' हा विषय गोऱ्यांनी काल-परवा शोधून काढलेला नाही. तो आमचा जुना मामला आहे. फरक एवढाच की त्यांच्या गोष्टीत ती जादू आहे आणि आमच्यात तो गुन्हा होता.

म्हणून, साथी, पोतं रद्दीत परत पाठवायचं नाही. ज्या दारावर आपल्या बापजाद्यांनी डोकी फोडून घेतली, ते दार गोष्टीत कसं उघडतं आणि कुणासाठी उघडतं, हे आपल्या पोरांनी बघितलंच पाहिजे.

आता दारात काय होतं ते बघा.

बास्तियान आत पडतो. त्याच्या गळ्यात राणीचं चिन्ह येतं. त्या चिन्हाचा कायदा असा की तू जे मनात आणशील ते होईल. आणि पहिल्यांदा हा पोरगा काय मनात आणतो? स्वतःचं शरीर बदलतो. जाडा, फेंगड्या पायांचा बास्तियान गेला, आणि त्याच्या जागी पौर्वात्य राजपुत्राच्या थाटात, डोक्याला फेटा बांधलेला देखणा सडपातळ कुमार उभा राहिला. पण त्या देशाचा दुसराही एक कायदा आहे, तो त्याला कुणी सांगत नाही. दर इच्छेगणिक तुझी स्वतःच्या जगातली एक आठवण पुसली जाईल. तो देखणा होतो आणि आपण कधी जाडे होतो हे विसरून जातो. नुसतं लपवत नाही, समूळ विसरतो!

बाबूराव बागुलांनी 1963 साली एका कथेला आणि कथासंग्रहाला नाव दिलं, 'जेव्हा मी जात चोरली होती'. नोकरीच्या गावी खोली मिळावी म्हणून जात लपवणारा माणूस आणि शेवटी पाठीवर पडणारा मार. बास्तियान तेच करतो, पण त्याला मार पडत नाही, त्याची मिरवणूक निघते. कारण गोष्टीतलं दार फार सभ्य आहे. ते जात विचारत नाही. ते फक्त म्हणतं, आत या, पाहिजे ते व्हा, येताना मागचं सगळं बाहेर ठेवा. आणि पोर खूश होऊन मागचं सगळं बाहेर ठेवतं.

हे दार तुम्ही पाहिलेलं नाही का? ऑफिसात आडनाव गिळून फक्त नाव सांगणारे, घरातला बाबासाहेबांचा फोटो बैठकीतून आतल्या खोलीत नेणारे, गावाकडचा म्हातारा बाप सोसायटीत आला की लिफ्टमध्ये त्याच्याशी न बोलणारे, सगळे त्याच दारातून गेलेत. मी त्यांना शिव्या देत नाही. मार खाऊन खाऊन माणूस शेवटी शरीरच बदलायला बघतो. पण ह्याला स्वप्न म्हणू नका. हा सौदा आहे आणि त्यात आठवण विकली जाते.

आता अखराई.

पुस्तकातल्या देशात अमरगांथ नावाचं चांदीचं शहर आहे. शहर कसलं, कवींचं आणि गोष्टी सांगणाऱ्यांचं माहेरघर! चांदीच्या होड्यांवर चांदीचे वाडे, सगळं एका सरोवरात तरंगतंय. सरोवराचं पाणी इतकं खारट आणि जहरी की चांदीशिवाय काहीही त्यात विरघळून जातं. म्हणून शत्रू जवळ येऊ शकत नाही. हे पाणी कसलं? आसवांचं. कुणाच्या आसवांचं? अखराईंच्या. अखराई म्हणजे त्या देशातले सगळ्यात कुरूप प्राणी. किड्यांसारखे. आपल्या रूपाची त्यांना इतकी लाज की कुणाच्या नजरेला पडू नये म्हणून जमिनीखाली अंधारात राहतात आणि सतत रडतात. त्यांच्या आसवांनी मातीतली चांदी धुऊन निघते. त्या चांदीची नाजूक जाळी तेच विणतात. तिच्यावरच ते शहर उभं आहे.

म्हणजे शहराची खाण त्यांच्या डोळ्यांत, शहराचा खंदक त्यांच्या डोळ्यांत, आणि शहरात मात्र त्यांना जागा नाही. वेशीबाहेर सुद्धा नाही. जमिनीच्या पोटात.

दोस्तहो, हे वाचून मी पुस्तक मिटलं आणि बाहेर येऊन बिडी ओढली. ह्या जर्मन माणसानं महारवाडा आणि मांगवाडा कधी पाहिला होता?

पण खरी गंमत पुढं आहे. हे अखराई आले कुठून? बास्तियानच्याच तोंडून. अमरगांथमध्ये त्याचा मोठा सत्कार होतो, तिथं तो शहराच्या जन्माची गोष्ट रचून सांगतो. त्या गोष्टीत शहर वाचवायला रडणारे कुरूप प्राणी तो आणतो. आणि त्या देशाचा तिसरा कायदा असा की वाचणाऱ्यानं आज जी गोष्ट सांगितली ती आजपासून खरी होत नाही, अनादि काळापासून खरी होते! त्यानं बैठकीत एक रंजक गोष्ट सांगितली आणि एका अख्ख्या जमातीच्या मागं हजारो वर्षांचं रडणं लागलं.

वर्णव्यवस्था कशी झाली हे आपल्या पोरांना याहून सोपं करून कोण सांगेल? कुणी एकानं केव्हातरी बसून सूक्त रचलं, तोंडातून अमुक निघाले, पायातून तमुक निघाले. रचलं एका दिवशी, आणि झालं सनातन. मग त्याला म्हणायचं अपौरुषेय, कुणीच लिहिलेलं नाही. एंडेनं लिहिणाऱ्याचा हात दाखवला. आमच्याकडं तो हात दाखवायला 25 डिसेंबर 1927 उजाडावा लागला. महाडला मनुस्मृती जाळली ती कागद जाळायची हौस म्हणून नव्हे. हे कुणीतरी माणसानं लिहिलंय आणि माणसाच्या हातानं जळतं, एवढं सिद्ध करायचं होतं.

पुढं काय होतं? एका रात्री बास्तियानला रडणं ऐकू येतं. तो अखराईंपाशी पोचतो. त्याला दया येते. आणि दयेसोबत त्याला हेही हवं असतं की लोकांनी आपल्याला मोठा दयाळू, मोठा दाता म्हणावं. तो हुकूम सोडतो. तुम्ही आता झोपा, उठाल तेव्हा कातडीतून बाहेर याल, रंगीबेरंगी फुलपाखरं व्हाल, सतत हसाल. नाव सुद्धा बदलून देतो. काम झालं! पुण्य पदरात पडलं!

आमचं रडणं थांबव, हे रूप बदल, असं कुणीही गांजलेला म्हणेल. पण रूप कोणतं, जगणं कसलं, काम काय, नाव काय, हे अखराईंना कुणी विचारलं? नाव सुद्धा त्यांना दुसऱ्यानं द्यायचं! त्यांच्यासाठी गोष्ट लिहिणाराच पुन्हा त्यांच्यासाठी मुक्ती लिहितो. लाज त्यानंच दिली, हसू त्यानंच दिलं. दोन्ही वेळा त्यांच्या हातात काही नाही. नाव बदलून माणूस बदलत नाही हे आम्हाला शिकवायची गरज नाही. 'हरिजन' हे नाव असंच कुणीतरी आम्हाला देऊन टाकलं होतं.

आणि एंडे, खरा लेखक, इथंच थांबत नाही. फुलपाखरं पुढं परत येतात. बास्तियान तेव्हा अगदी शेवटाला आलाय. सगळं विसरलाय, स्वतःचं नाव सुद्धा गेलंय. एका खाणीत अंधारात महिनोन् महिने घाम गाळून त्यानं एक चित्र शोधून काढलंय. चित्रात पांढरा अंगरखा घातलेला एक माणूस आहे, हातात दातांचा साचा. त्याचा बाप! ते चित्र हातात असताना ही हसरी फुलपाखरं त्याच्यावर तुटून पडतात. तू आमची थट्टा करून ठेवलीस म्हणतात. आमच्या जगण्याला काही अर्थ उरला नाही, आता तूच आमचा म्होरक्या हो, आम्हाला हुकूम दे. त्या कल्लोळात चित्राचा चुरा होतो.

दयेनं मोकळं केलेला माणूस पुन्हा मालक शोधतो. हे एंडेनं 1979 साली पोरांच्या पुस्तकात लिहिलं, आणि आपल्या पुढाऱ्यांना ते अजून कळलेलं नाही. मंत्रालयाच्या जिन्यावर महामंडळाच्या खुर्चीसाठी ताटकळणारी फुलपाखरं आपण पाहतोच आहोत. हसतात, रंगीत आहेत, उडतात. फक्त 'आम्हाला हुकूम द्या' म्हणतात.

आता प्राध्यापक मित्रा, तुझ्याकडं वळतो. एंडे एवढा शहाणा, मग माझं भांडण काय? भांडण शेवटाशी आहे. बास्तियानला घरी परतायचंय. अट अशी की त्यानं सुरू केलेल्या सगळ्या गोष्टी पुऱ्या झाल्या पाहिजेत. त्या काही झालेल्या नाहीत. मग त्याचा दोस्त आत्रेयू म्हणतो, तू जा, त्या मी पुऱ्या करीन. झालं! बास्तियान जीवनाचं पाणी पिऊन बापाकडं परततो, बाप रडतो, पोराला जवळ घेतो. फार सुंदर. पण अखराईंचं काय? त्यांचं प्रकरण प्रलंबित. वाचणाऱ्याचं मन भरलं, पुस्तक मिटलं, आणि जे मुळात त्याच्या गोष्टीनं जन्मले ते दुसऱ्याच्या हवाली. आपल्या सातवीच्या पोरीनं नेमका तिथंच बोट ठेवलं. चांदी कोण काढतंय आता? पुस्तकात ह्याचं उत्तर नाही, कारण पुस्तकात शिरलेला पोरगा जमिनीखालच्यांचा नव्हता. तो आला वरून आणि गेला वरून.

ह्याच एंडेचं त्याच्या आधीचं पुस्तक घ्या, 1960 सालचं 'जिम बटन'. एका बेटावर टपालानं पार्सल येतं, त्यात काळं पोर. हाच नायक. हिटलरला जाऊन पंधरा वर्षं झालेल्या जर्मनीत काळा नायक! पुढं ड्रॅगनांचं एक शहर लागतं, वेशीवर पाटी आहे की शुद्ध वंशाचा नसलेला ड्रॅगन आत आला तर मरणाची शिक्षा. बाहेर नेपोमुक नावाचा ड्रॅगन राहतो, तो अर्धाच ड्रॅगन, का तर त्याची आई पाणघोडा. वाचून टाळ्या वाजवाव्याशा वाटतात. मी वाजवल्या. पण 1962 च्या दुसऱ्या भागात हा काळा जिम कोण निघतो? राजपुत्र! थोर राजघराण्याचा अखेरचा वंशज! अरे, नुसतं पोरगं म्हणून त्याला राहू दिलं असतं तर काय बिघडलं असतं? शुद्ध वंशाच्या पाटीवर थुंकणारा लेखक सुद्धा शेवटी नायकाला उच्च कुळाचा दाखला काढून देतो. त्या पुस्तकात काळ्यांसाठीची एक शिवी सुद्धा होती. ती काढायला प्रकाशकाला 2024 साल उजाडलं.

'कल्पनाशक्तीला जात नसते.' नसेल. पण छापखान्याला असते, आणि कपाटाला असते. अमेरिकेत नॅन्सी लॅरिक नावाच्या बाईनं 1965 साली हिशेबच मांडला. 1962 ते 64 ह्या तीन वर्षांत निघालेली पोरांची 5206 पुस्तकं. त्यात मजकुरात किंवा चित्रात एक जरी काळा माणूस आहे अशी पुस्तकं 6.7 टक्के. हा हिशेब तिनं का मांडला? पाच वर्षांच्या एका काळ्या पोरीनं विचारलं होतं, पुस्तकातली पोरं नेहमी गोरीच का? बघा, तिथंही प्रश्न पोरीनंच विचारला! 1990 साली रुडीन सिम्स बिशप ह्या काळ्या विदुषीनं लिहिलं की पोरांचं पुस्तक आरसा असतं, खिडकी असते आणि सरकतं काचेचं दार असतं, त्यातून वाचणारा आत जातो. पण ज्या पोरांना पुस्तकात आपला चेहरा कधीच दिसत नाही, किंवा वेडावाकडाच दिसतो, ती समाजात आपली किंमत काय हेच त्यातून शिकतात. 1991 साली इंग्लंडात मेरी हॉफमननं 'अमेझिंग ग्रेस' लिहिलं. गोष्टींत शिरून त्या वठवणारी काळी पोरगी. शाळेच्या नाटकात तिला पीटर पॅन व्हायचंय. वर्गातली पोरं म्हणतात, तू मुलगी आहेस, तू काळी आहेस, तुला नाही जमणार. दारावरचा पहारेकरी दरवेळी शंकराचार्यच असतो असं नाही. शेजारच्या बाकावरचं पोर सुद्धा असतं.

आणखी एक पुस्तक सांगतो, कारण ते माझ्या बरगडीत रुतलंय. कॉर्नेलिया फुंके, जर्मन बाई, 2003 सालचं 'इंकहार्ट'. ह्यात मो नावाचा पुस्तकं बांधणारा कारागीर आहे. त्याच्या आवाजात जादू. तो मोठ्यानं वाचतो आणि पुस्तकातली माणसं बाहेर येतात. पण इथंही कायदा आहे. कुणी बाहेर आलं की इकडचं कुणीतरी आत जातं. एका रात्री तो वाचतो, गुंड बाहेर येतात, आणि त्याची बायको रेसा पुस्तकात गडप होते. ती परत येते ती दुसऱ्या एका अडखळणाऱ्या वाचकाच्या तोंडून, आणि येते ती मुकी होऊन. गुंडाच्या वाड्यावर मोलकरीण म्हणून राबते.

वाचतो कोण आणि किंमत कोण मोजतं, बघा. मी कॉलेजात गेलो तेव्हा फी भरायला घरात पैसे नव्हते. बहिणीची शाळा सातवीतच सुटली. ती आईबरोबर धुण्याभांड्याला जायला लागली. मी पुस्तकातून बाहेरच्या जगात आलो आणि ती आत गडप झाली. मी परिसंवादात बोलतो, कविता छापतो. ती बोलत नाही. घरोघर हाच कायदा चाललाय आणि आपण त्याला त्याग म्हणून टाळ्या वाजवतो. चळवळीच्या मासिकात हे लिहायला मला इतकी वर्षं लागली, ह्याचीही नोंद करा.

मग आपण पुस्तकात शिरायचंच नाही की काय? उलट. आपल्याकडं पुस्तकात शिरून परत आलेल्यांची परंपरा आहे, आणि ती कुठल्याही अद्भुत कादंबरीच्या तोडीची आहे. 1855 साली फुल्यांच्या शाळेतली मुक्ता नावाची मातंग पोरगी 'ज्ञानोदया'त मांगमहारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिते. त्यात ती सरळ हिशेब मांडते की वेद जर फक्त ब्राह्मणांचे, तर आमच्यापाशी धर्मपुस्तकच नाही. दार बंद आहे हे तिनं दारावर लिहून ठेवलं! अण्णाभाऊ साठे दीड दिवस शाळेत गेले, मुंबईत दुकानांच्या पाट्या वाचत अक्षर जोडलं, आणि 1959 साली 'फकिरा' आणली. त्यात मांगवाड्यातला माणूस राजपुत्र न होता नायक झाला. तो मांगच राहिला आणि नायक झाला. एंडेला जे जमलं नाही ते आमच्या वाटेगावच्या माणसाला जमलं.

आणि बाबासाहेब. शाळकरी वयातल्या भीमरावाला केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेलं बुद्धाचं चरित्र भेट दिलं. पोरगा त्या पुस्तकात शिरला. पण राजपुत्र होऊन तिथंच राहिला नाही. त्या पुस्तकात राजपुत्रच राजवाडा सोडून निघतो, ही गोष्ट वेगळीच! पोरगा आठवणी विकून पुढं गेला नाही. प्रत्येक आठवण, प्रत्येक तहान, शाळेत घरून नेलेलं तरट, सगळं जपत जपत कोलंबिया, लंडन, महाड, नाशिक करत तो 14 ऑक्टोबर 1956 ला नागपूरला पोचला, आणि येताना लाखो माणसं बरोबर घेऊन त्या पुस्तकात शिरला. रूप दुसऱ्यानं दिलं नाही, नाव दुसऱ्यानं दिलं नाही. प्रतिज्ञा ज्याची त्यानं आपल्या तोंडानं उच्चारली. अखराई असे उठतात!

आता थोडं आपल्याविषयी. एंडेच्या पुस्तकात एक शहर आहे, माजी सम्राटांचं. पुस्तकात शिरून सगळ्या आठवणी गमावलेली माणसं तिथं राहतात. त्यांना परत जाता येत नाही, कारण कुठं जायचं तेच आठवत नाही. त्यांना एक खेळ दिलाय. अक्षरं लिहिलेले फासे टाकत बसायचं. टाकत राहा, केव्हातरी आपोआप शब्द होईल, गोष्ट होईल. एक माकड त्यांच्यावर देखरेख करतं.

दोस्तहो, आपण लिटल मॅगझिनवाले तिथं तर राहायला गेलो नाही ना? विद्रोह, नकार, सूर्य, अंधार, गटार, क्रांती. फासे तेच, टाकणारे आपण. चार शब्द जुळले की कविता. जमिनीखाली आजही माणूस गटारात उतरतो आणि गुदमरून मरतो. ह्या कामावर बंदी घालणारा कायदा 1993 ला झाला, दुसरा 2013 ला झाला. कागदावर फुलपाखरू झालं, खाली अखराई तसाच. त्याच्याकडं आपण कधी गेलो होतो, रूपक गोळा करायला सोडून?

तेव्हा माझा ठराव असा. पोतं परत जाणार नाही. ही पुस्तकं अभ्यासिकेत घटनेच्या शेजारी राहतील, आणि दर रविवारी मोठ्यानं वाचली जातील. वाचणारा दरवेळी पोरगाच नसेल, पोरी वाचतील. आणि प्रत्येक पुस्तकाला तीन सवाल विचारले जातील. आत शिरताना काय विसरायला लावलं? आतलं काम कोण करतंय? परत येताना कुणाला मागं ठेवलं?

'इंकहार्ट'च्या शेवटी एक गोष्ट घडते. लेखक म्हातारा आपल्याच पुस्तकाचा शेवट बदलून लिहितो, आणि मोची बारा वर्षांची पोरगी तो मोठ्यानं वाचते. त्या वाचनानं गुंडाची सत्ता मोडते. म्हणजे शेवट बदलता येतो. लिहिणारा पाहिजे आणि वाचणारा गळा पाहिजे.

मी त्या सातवीच्या पोरीला वही दिलीय. म्हटलं, चांदी कोण काढतंय ते तूच लिही. ती म्हणाली, "दादा, मला वाटतं त्यांनी रडणं सोडलं, पण चांदी काढायची सोडली नाही. फक्त शहराला फुकट द्यायची सोडली. मग शहरातले खाली आले बघायला."

पुढं काय झालं, मी विचारलं.

म्हणाली, "थांबा की, लिहितेय."

जय भीम.